वरचा खडक

शैलेश,

पहिली शिफ्ट संपवून येशील तेव्हा मी आळंदीला मावशीकडे पोचलेली असेन. खिचडी कुकरमध्ये आहे. प्रवाळांच्या काचेच्या टाकीतलं खारं पाणी आटून उतरलं होतं, त्यात गोडं पाणी घातलं आहे.

तुझ्या कंपनीतल्या तेजलने दिलेलं जांभळं प्रवाळ मी वरच्या खडकावरून काढून तळाच्या वाळूत ठेवलं. रागाने नव्हे. त्याच्या कडा पांढऱ्या पडू लागल्या होत्या. दिव्याजवळचा इतका उजेड त्याला सोसत नव्हता.

नियम तुझाच आहे. माझं हिरवं प्रवाळ आणलं, तेव्हा तू म्हणाला होतास, "राणीसरकार, नव्या सुनेने आल्या आल्या माळ्यावर चढायचं नसतं. तळाशी रुळू दे, मग पायरीपायरीने वर नेऊ." पुनावळ्यात नव्याने आलेल्या माझ्यासारखंच ते उन्हाळाभर खाली राहिलं आणि दिवाळीच्या सुमारास माथ्यावर पोचलं. तेजलचं मात्र तू आणलंस त्याच संध्याकाळी थेट तिथे बसवलंस. माझं पंपामागच्या सावलीत सरकवलंस, आणि फोनवर तिला म्हणालास, "तुझं काय फुललंय राव!"

मला तिचा हेवा वाटतो. तो लपवण्याइतकं मन मोठं नाही माझं. स्वतःचा नियम तू कुणासाठी मोडतोस, तेवढंच टाकीच्या त्या निळ्या उजेडात मला लख्ख दिसलं.

माझं प्रवाळ मी हलवलेलं नाही. सावलीत ते मिटून बसलं आहे, आणि वरचा खडक रिकामा आहे. रविवारी परतले की चपला काढण्याआधी मी टाकीकडे पाहीन.

अनुजा