नेकेसाबाईंनी घेतलेला प्लॉट

प्रिय आई,

तुझ्याशेजारी चुलीपाशी बसून बोलावं, तसं लिहितेय.

मी बरी आहे. दोन वेळा मक्याची उगाली पोटात जाते. तुझी कंबर कशी आहे? केळीच्या बागेत एकटी राबू नकोस.

रेडिओवर ऐकलंच असशील. नैरोबीबाहेर आम्ही विकलेले प्लॉट सरकारी रस्त्याच्या जागेत निघाले. आमच्या कंपनीच्या साहेबाने खोटे कागद केले होते. बुलडोझर आला आणि साहेब पळाला.

तू म्हणायचीस, "केरुबो, चिकाटी सोडू नकोस." नाही सोडली गं. नेकेसाबाई म्हणून एक निवृत्त नर्स आहेत. त्या कितीदा प्लॉट नको म्हणाल्या, तरी मी दर रविवारी चर्चनंतर त्यांच्याकडे जायचे. त्यांच्या आजारी नवऱ्याची औषधं आणायचे. शेवटी त्यांनी प्लॉट घेतला, घर बांधलं.

परवा गेले, तर त्या पाडलेल्या घराच्या उरलेल्या भिंतीवर बसल्या होत्या. म्हटलं, "मावशी, मला खरंच ठाऊक नव्हतं."

"कळतंय गं," त्या म्हणाल्या. "लबाड असतीस तर एकदा येऊन गेली असतीस. तू येतच राहिलीस, म्हणून तर विश्वास बसला."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

उद्या पोलिसांत साहेबाविरुद्ध जबाब देणार आहे. त्याची माणसं दाराशी घुटमळतात, पण शेजारी चांगले आहेत. काळजी करू नकोस.

धाकट्या ओंगेरीला मात्र या धंद्यात पाठवू नकोस. तोही माझ्यासारखाच चिकाटीचा आहे.

तुझी लेक,
केरुबो