वास मारणारा डबा

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले आणि मी उत्तर रोज उद्यावर ढकलत होतो. लिहायला बसलो की नदीवर एखादी लाँच भोंगा वाजवते आणि मी काठावर जाऊन उभा राहतो, हा माझा रोग तुला ठाऊक आहे. कालही कागद घेतला, तर झोपायच्या झोळ्या विकणारे दोघे उतरले, आणि मी त्यांच्याबरोबर पुढच्या गावापर्यंत जाऊन आलो. त्यातल्या एकाला डोळे मिटून गाठ मारता येते. पण ते असू दे. तुझी लेक बरी आहे, ओरी बरी आहे. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

तू बारांकियाला नर्सिंगच्या कॉलेजात परत गेलीस आणि ओरीला डब्याचं दूध सुरू झालं, तेव्हापासून इथे प्रत्येक माणूस डॉक्टर झाला. पाजलं की ती ओकायची, पाय पोटाशी घेऊन रडायची, गालांवर पुरळ. औषधाच्या दुकानातल्या एर्नांदोने लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, काढलेला डबा दिला. म्हणाला, "सगळ्या पोरांचं हेच असतं, घेऊन जा." शेजारची देल्फिना म्हणाली, "डबे कसले आणता, माझी शेळी बांधा दारात." मग एके दिवशी लंगोटात रक्ताची रेघ दिसली. मी कुणाला न विचारता ओरीला उचललं आणि लाँचने मागांगेच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी मला शांतपणे समजावलं. दुधातली साखर नव्हे, दुधातलं प्रथिनच हिच्या पोटाला सोसत नाही. लॅक्टोज काढलं तरी ते राहतंच, आणि शेळीच्या दुधातही जवळपास तसंच असतं. म्हणून ज्यात ते प्रथिन फोडून अगदी बारीक केलेलं असतं, असा डबा त्यांनी लिहून दिला. "हाच द्यायचा, आणि यात दुसरं काही घालायचं नाही," त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. मला वाटलं, झालं काम.

घरी डबा उघडला आणि कुत्रं उठून बाहेर गेलं. कुजलेला बटाटा ओल्या पोत्यात बांधून ठेवल्यासारखा वास. आपल्या कांदेलारिया मावशीचा नेम तुला माहीत आहेच: जे तिच्या घशाखाली उतरत नाही ते या घरात बाळाला नाही आणि पाहुण्यालाही नाही. तिने चमचाभर चाखलं, थुंकलं, आणि म्हणाली, "हे मी डुकराला घालणार नाही, आणि त्याला तर मी नाताळात कापणार आहे."

तरी ओरी प्यायली. पण रक्त काही थांबेना. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, आता कार्ताहेनाच्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागेल. मावशीने तुला फोन केला तो तेव्हाच. मलाही वाटलं, डबा चुकीचा निवडला. दुसरा शोधायला निघालो, टोपी विसरली म्हणून परत फिरलो, तर मावशी चुलीपाशी बाटलीत गुळाचं पाणी ओततेय आणि वर आपल्या कॉफीच्या दुधाची पावडर. लपवून नव्हे हं, अगदी गाणं गुणगुणत. "चवीपुरतं," ती म्हणाली, "पोर तोंड फिरवते, मला बघवत नाही." मी म्हटलं, "मावशी, हे दूधच तर विष आहे तिला." तर म्हणते, "चौथीत शाळेतून पळालेला तू, मला पोरं वाढवायला शिकवतोस? आठ वाढवलीत मी. त्यात तूही आहेस."

भांडून ती ऐकणार नव्हती. मग मी नुसत्या पाण्यात दूध कालवलं, रमच्या पेल्यात ओतलं आणि तिच्यासमोर एका दमात प्यायलो. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. "डोळ्यांत पाणी आलं तुझ्या." "आलं. पण पोटात राहिलं." "उद्या परत पी, मग बघू." दुसऱ्या दिवशी प्यायलो, तिसऱ्या दिवशी प्यायलो. चौथ्या दिवशी ती स्वतः नाक दाबून प्यायली, आणि मग आपल्या दुधाची पावडर देल्फिनाकडे देऊन आली. आता एर्नांदोने ओरीला दुधाचं बिस्किट दाखवलं तरी मावशी त्याच्या अंगावर धावून जाते.

आता रक्त नाही. गाल लोण्यासारखे झालेत, वजनाचा काटा बघून डॉक्टरीणबाई स्वतः हसल्या. कार्ताहेनाचं नाव त्यांनी काढलं नाही.

हे सगळं सांगायचं कारण, मावशी म्हणते तू सामान बांधलंस आणि शेवटची परीक्षा सोडून येणार आहेस. येऊ नकोस. लाँचवाल्याने मला नदीच्या पार वरच्या टोकापर्यंत डेकवरचं काम देऊ केलं होतं, त्याला मी नको म्हटलं. मी कुठे टिकत नाही असं तू म्हणतेस ते खरं आहे, पण बाटल्या उकळायचं काम मला जमतंय, आणि मी चांगलं करतो. तू परीक्षा दे.

थांब, दारात कोणीतरी आहे. विल्फ्रिदो. ओरीचा बाप, तिच्या जन्माआधीच तुला सोडून गेलेला तो, नवा शर्ट घालून उभा आहे, काखेत साध्या दुधाचा भलामोठा डबा, वर गुलाबी रिबीन. मावशी दार अडवून म्हणतेय, "डबा पायरीवर ठेव. मग तुझं काय ते बोलू." त्याने ठेवला. आता विल्फ्रिदोचं काय करायचं ते तू कळव. पत्राने.

तुझाच,
एलिसेर