हार्बर फाइव्हमधला सहावा

१ सप्टेंबर, शुक्रवार
सप्टेंबर लागला, म्हणजे आमच्या फिलिपिन्सात नाताळ लागला. मालाबोनमधल्या प्रत्येक दुकानात आजपासून नाताळची गाणी. आता चार महिने हाच छळ. शी.

पण रेडिओवर बातमी ऐकली. 'हार्बर फाइव्ह'ला यंदा चाळीस वर्षं झाली. डिसेंबरात मनिलात मोठा कार्यक्रम, टीव्हीवर दाखवणार, बँडचा अथपासून इतिहास सांगणार. म्हणजे मला बोलावणं येणार. माझ्याशिवाय इतिहास कसला सांगतात?

बँडचं नाव फाइव्ह आणि आम्ही होतो सहा. लोक मुद्दाम हा हिशेब काढतात. मी आलो तेव्हा पोस्टरं छापून झाली होती, एवढंच.

संकल्प: रोज पहाटे रियाज. बिअर बंद. बँडचा खरा इतिहास लिहून काढणे.

४ सप्टेंबर
रियाज उद्यापासून. आज भरतीचं पाणी गल्लीत शिरलं. दमट हवेत मोठे गायक गात नसतात.

इतिहासाची पहिली ओळ लिहिली. 'हार्बर फाइव्हचा आत्मा म्हणजे एपिफानियो ऊर्फ पानिंग, अर्थात मी.' मुख्य आवाजात तिकोय गायचा, ठीक आहे. आवाजापेक्षा केसच जास्त होते. माझ्याकडे साथीचा दुसरा आवाज, खंजिरी आणि एकूण दूरदृष्टी.

मेदिंगने खांद्यावरून वाचलं. म्हणाली, "आणि जीप? जीपचं लिही ना. जीप नसती तर तुला घेतलं कोणी असतं?"

चाळीस वर्षं संसार करून बायको ही अशी. माझ्या बापाची जीपनी होती, दिवसा ती प्रवासी वाहायची, संध्याकाळी ड्रम आणि स्पीकर. गावोगावच्या जत्रांना मीच न्यायचो सगळ्यांना. पण ही गौण बाब आहे. इतिहासात घोड्यांची नावं कोण लिहितं?

१७ सप्टेंबर
तिकोयला फोन केला. वीस वर्षांनी. मी स्पष्टच विचारलं, दुसरा आवाज कोण गाणार? तो म्हणाला, "अरे पारे, दोस्ता! किती दिवसांनी! बघू या की. कळवतो. कधी तरी जेवायला ये रे."

ठरलं! मेदिंगला सांगितलं. ती म्हणाली, "आपल्याकडे 'बघू या' म्हणजे काय, तुला ठाऊक नाही? तू स्वतः माझ्या भावाला गेली तीस वर्षं 'बघू या' म्हणतोयस."

तिच्या भावाची गोष्ट वेगळी आहे. गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलं.

२ ऑक्टोबर
स्टेजवरचा जुना पांढरा सूट शोधला. बेलबॉटम, बाह्यांना झालर. सापडेना. मेदिंग म्हणाली, "पायाखाली बघ."

दारातलं गोल पायपुसणं. शिवून शिवून गोल केलंय. मधोमध माझी झालर. पंधरा वर्षं मी त्याला पाय पुसतोय. जेवण गेलं नाही. (संध्याकाळी थोडा शेवयांचा पान्सित खाल्ला. वर झिंगे होते, टाकवेनात.)

२१ ऑक्टोबर
शेजारच्या पासिंगबाईंचा वाढदिवस. या बाई धुरावलेले मासे विकतात आणि आवाजही तसाच. अंगणात गाणाऱ्याला गुण देणारं व्हिडिओके मशीन आणलं होतं. लोकांनी आग्रह केला म्हणून (एकाने केला) मी आमचंच गाणं गायलो, 'कोपऱ्यावर सोड मला'. अख्ख्या देशाला पाठ असलेलं. मी अर्थात दुसरा आवाज गायलो.

मशीनने एकसष्ट गुण दिले. मग पासिंगबाई हातातल्या हाडकासकट तेच गाणं गायल्या. अठ्ठ्याण्णव! वर तुतारी वाजली. यंत्राला काय कळतं? बाई म्हणतात, "पानिंग, तू सूर चांगला लावतोस रे, पण तो या गाण्याचा नाही."

आणि सगळ्यात किळसवाणं म्हणजे तो हॉर्न. गाण्याच्या सुरुवातीला आणि प्रत्येक कडव्यानंतर तीनदा वाजतो, पों पों पोंऽ. दारू प्यालेली ती पंगत प्रत्येक वेळी तोंडाने हॉर्न वाजवत होती. एका म्हाताऱ्याची कवळी उडून पान्सितात पडली. घरी निघून आलो.

२२ ऑक्टोबर
बिअर काल घ्यावी लागली. दुःखात घेतलेली धरत नाहीत.

इतिहासात हॉर्नचा खुलासा करणं भाग आहे. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी स्टुडिओबाहेर होतो. पोलीस जीप उभी करू देत नव्हता, कोणी तरी आत बसणं गरजेचं होतं, जबाबदार माणूस म्हणून मी बसलो. दुपार झाली, कोणी बाहेर येईना. वैतागून तीनदा हॉर्न दाबला. तो टेपमध्ये शिरला. आतल्या गाढवांना तो आवडला. तोच कापून कडव्याकडव्याला चिकटवला. माझ्या आवाजाची जागा त्या भोंग्याने खाल्ली. त्या दिवसापासून या हॉर्नचा मला तिटकारा आहे.

१९ नोव्हेंबर
तिकोयकडून माणूस आला! खरं तर मुलगी, जेरलिन नावाची, टीव्हीवाल्यांची. मी इतिहासाची पानं घेऊन बसलो. ती म्हणाली, "पानिंगकाका, ती जीप अजून आहे का हो?"

मागच्या बोळात आहे, म्हणालो. तिने फोटो काढले. आत मांजर व्यालं होतं, त्याचेही काढले. म्हणे जीप थेट स्टेजवर आणायची, बँड तिच्यातून उतरणार. आणि हॉर्न खराच वाजवायचा. "चालवायला तुम्हीच लागाल. दुसऱ्या कोणाला तिचा गियर पडेल का?"

मला स्टेजवर घेण्याची ही युक्ती मी लगेच ओळखली. थेट कसं सांगणार? इतर पाच जण जळतील. बेत ठरला: शेवटच्या कडव्याला जीपमधून उतरायचं, माइक घ्यायचा, दुसरा आवाज लावायचा. चाळीस वर्षांचा अन्याय तिथल्या तिथे संपेल.

१६ डिसेंबर, शनिवार
झालं. लिहायची इच्छा नाही, पण लिहितो.

जीप स्टेजवर नेली. पाचही जण उतरले, केस रंगवलेले, पोटं पट्ट्यांत कोंबलेली. बघवत नव्हतं. लोक वेडे झाले होते. पहिला हॉर्न दिला, दुसरा दिला. शेवटच्या कडव्याआधी मी उतरलो. माइकच्या दिशेने निघालो. आणि हॉर्नची वेळ झाली.

शांतता. बँड थांबला. तिकोय माझ्याकडे बघतोय, मी तिकोयकडे. आणि अंधारातून हजारो माणसं तोंडाने, एका दमात, "पों पों पोंऽ!"

मग सगळे जीपकडे बोट दाखवायला लागले. मी माइकपासून हातभर अंतरावर होतो. पण पाय मागे वळले. चढलो आणि दाबला. तीनदा. लोकांचा जो आवाज उठला, तसा तिकोयच्या एकाही तानेला उठला नाही.

मेदिंग नंतर म्हणाली, "तू रडत होतास." डिझेलचा धूर, म्हणालो.

१७ डिसेंबर
रात्रभर विचार केला. आवाज सगळेच लावतात. हॉर्न एकच. इतिहासाची पहिली ओळ खोडून नवी लिहिली. 'हार्बर फाइव्हचा हॉर्न म्हणजे पानिंग.'

संकल्प: बँड आता देशभर दौरा करणार आहे. रोज पहाटे हॉर्नचा रियाज. बॅटरी नवी. मांजराला दुसरी जागा.

१८ डिसेंबर
हॉर्नचा रियाज केला! माझ्या आयुष्यातला पहिला पार पडलेला संकल्प. पासिंगबाईंनी खिडकीतून मासा फेकून मारला. कलावंताला हे सोसावं लागतं.

२० डिसेंबर
तिकोयचा फोन. म्हणाला, "पारे, त्या दिवशी काय धमाल केलीस! ऐक, दौऱ्यात तुला दगदग नको. तुझा हॉर्न आम्ही त्याच दिवशी रेकॉर्ड करून घेतला. आता कीबोर्डवर बटण दाबलं की वाजतो. अगदी हुबेहूब."

मी म्हणालो, छान. तो म्हणाला, कधी तरी जेवायला ये. मी म्हणालो, बघू या.

हुबेहूब म्हणे! ओकारी आली ऐकून. मेदिंगने पान्सित वाढला, वर झिंगे जास्त घातले. तेच मनाला जास्त लागलं.

दुपारी जीपमध्ये जाऊन बसलो. गल्लीच्या तोंडाशी आणली आणि सहज तीनदा हॉर्न दिला. कोणी तरी बाई टोपली घेऊन धावत आली, मागून चढली आणि म्हणाली, बाजारापर्यंत.

सोडलं. वाटेत तिला आमचं गाणं म्हणून दाखवलं, दुसऱ्या आवाजात. पहिल्याच कडव्याला तिने गाडी थांबवायला टपावर थाप मारली आणि म्हणाली, "बास, बास. इथंच कोपऱ्यावर सोडा."