पाडव्याचं श्रीखंड आणि समजावण्याचं बोट

१ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. रिटायर्ड माणसाचे विचार वाया जाऊ नयेत.
संकल्प: यंदा पाडव्याचं श्रीखंड आपल्या गाईच्या दुधाचं. गौरी इंदूरबाहेर, सिमरोल गावात मनीषच्या गोठ्यात असते. निम्मी त्याची, निम्मी माझी. चारा-पाणी त्याच्याकडे, मार्गदर्शन माझ्याकडे.
कॉलनीत जाहीर करून टाकलं. शेजारच्या शशिकलावहिनींनी दोन डबे बुक केले. मॉर्निंग वॉकला पाकिटाच्या दुधावर बोललो. हार्मोन, युरिया, अँटिबायोटिक, काय काय असतं त्यात. मंडळी एवढी भारावली की एकेक करून उठून गेली.

१ मार्च, दुपार
विळीवर कैरी कशी चिरायची ते शैलजाला दाखवत होतो. लग्न झाल्यापासून चुकीची चिरते आहे. उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला जरा लागलं. हे माझं समजावण्याचं बोट. ऑफिसात अख्खी ब्रँच याच बोटाने लायनीवर ठेवली. हळद दाबली. शैलजा म्हणाली, चला, कॉलनीला चार दिवस आराम. तिचे विनोद मला कळतात. दाद देत नाही, एवढंच.

२ मार्च
सिमरोल. गौरीची कास एका बाजूने सुजलेली, दुधात गाठी. मनीष म्हणाला, काकाजी, थनैला है, डॉक्टरनीजी को फोन कर दिया. थनैला म्हणजे कासेचा दाह. ती येईपर्यंत थांबणारा माणूस मी नव्हे. बोटाची पट्टी आड येत होती, ती काढली आणि स्वतः सड पिळून गाठी काढल्या. गौरीने लाथ मारली नाही, नुसतं तोंड फिरवलं. घरी सवय आहे.
जनावरांची डॉक्टर आली. इरावती नाव, मूळची नागपूरची, वयाने माझ्या मुलीएवढी. अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं, सडात भरायच्या ट्यूबा दिल्या. म्हणाली, बरं दिसलं तरी कोर्स पूर्ण करा, आणि कोर्स संपल्यावरही मी सांगेपर्यंत दूध फेकून द्या. मी हो हो म्हटलं. लहान मुलांचा उत्साह मोडू नये.
दूध फेका म्हणे! अन्न हे पूर्णब्रह्म.

४ मार्च
कास उतरली. मनीषला सांगितलं, ट्यूबा बंद. बरं झाल्यावर औषध घेणं म्हणजे जेवण झाल्यावर पानावर बसून राहणं. त्याला लगेच पटलं. काम कमी होणारी कुठलीही गोष्ट त्याला लगेच पटते. उरलेल्या ट्यूबा घरी आणून डब्यात ठेवल्या.
डब्याविषयी एकदा लिहून ठेवायला हवं. शंकरपाळ्यांचा जुना डबा आहे. त्यात घरातल्या प्रत्येक अर्ध्या सोडलेल्या कोर्सच्या गोळ्या. माझा खोकला, शैलजाची दाढ, जावयाचं पोट. कॉलनीत कुणाला कणकण आली की आधी आमच्याकडे येतात. दोन गोळ्या देतो. तिसरी देत नाही, सवय लागते. मला डॉक्टरसाहेब म्हणतात. हसत म्हणतात, पण म्हणतात ना.
बोट थोडं लाल. दाढेची एक कॅप्सूल घेतली.

६ मार्च
श्रीखंडाची पहिली ट्रायल. रात्री गौरीचं दूध विरजलं. सकाळी बघतो तर दूध जसंच्या तसं, पातळ. शैलजाच्या विरजणात दम नाही. तसं तिला स्पष्ट सांगितलं. नाश्त्याला पोहे मिळाले, वर शेव नव्हती. इंदूरमध्ये यापेक्षा कडक निषेध नसतो.
बोट ठणकतंय. आता खोकल्याची गोळी. रोज एकच. शरीराला इशारा पुरतो.

८ मार्च, रंगपंचमी
गौरी काल पुन्हा सुजली. तिचा स्वभावच हळवा. जाऊन दोन ट्यूबा भरून आलो.
आज राजवाड्याला गेर, म्हणजे आमची रंगपंचमीची मिरवणूक. बोटाला दुधाची रिकामी पिशवी बांधून गेलो. पाकिटाचं दूध एवढ्याच कामाचं. टँकरच्या रंगात पिशवी कुठे गेली कळलं नाही. एक मुलगा उलट्या बाजूने घुसत होता, त्याला बोट दाखवून चार शब्द सांगितले. तो बोटाकडे बघत राहिला. म्हणाला, भिया, पेले इसको तो दिखा लो कहीं. या पिढीला ऐकून घ्यायची सवयच नाही.
येताना मिठाईवाल्याकडून वाटीभर दही आणलं. आता विरजणाचा प्रश्न मिटला.

९ मार्च
मिटला नाही. रात्रभर पातेलं माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळून ठेवलं होतं. स्वेटरला वास लागला, दुधाला दही लागलं नाही. शशिकलावहिनींना दिलेल्या दुधाचीही तीच तऱ्हा. त्या म्हणाल्या, भाऊजी, तुमच्या दुधात काहीतरी आहे हो. मी म्हणालो, काहीच नाहीये वहिनी, तोच तर फरक आहे.
शैलजाने मला न सांगता पाकिटाच्या दुधाला तेच विरजण लावलं. दुपारपर्यंत असं घट्ट दही, की पातेलं उलटं केलं तरी हलेना. मी क्षणात ओळखलं. पाकिटवाले दुधात दही लागायचं केमिकल घालतात. कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं. एक अंगठा आला, तोही माझ्याच जावयाचा.

११ मार्च
बोट सुजून गाजर झालंय. शैलजा म्हणाली, डॉक्टरकडे चला. मी म्हणालो, डॉक्टर घरात आहे. ती म्हणाली, म्हणून तर चला म्हणतेय.
डब्यातली गौरीची शेवटची ट्यूब बोटावर पिळली. गाईच्या एवढ्या नाजूक जागी चालते, तर मी काय चीज आहे? वरून जावयाच्या पोटाची अर्धी गोळी. सगळ्या बाजूंनी हल्ला.

१३ मार्च
इरावतीला फोन केला. बोटासाठी नव्हे, दह्यासाठी. ती म्हणाली, औषध दुधात उतरतं. ज्या औषधाने कासेतले जंतू मरतात, त्याने दह्याचे बिचारे जंतूही मरतात. दूध फेकताय ना? कुणाच्या पोटात तर जात नाहीये? मी म्हणालो, छे छे. नंतर आठवलं, आज सकाळीच वहिनींच्या नातवाला पेलाभर दिलं होतं.
पुढे म्हणाली, कोर्स अर्धा सोडला की कमजोर जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. मग ते वाढतात, आणि गोठ्यातून माणसाच्या हातावर यायला त्यांना पासपोर्ट लागत नाही. मी हाताकडे बघितलं. रेंज जातेय असं सांगून फोन ठेवला.
एक मात्र सिद्ध झालं. माझं दूध औषधी आहे.

१४ मार्च
हुडहुडी. बोटापासून मनगटाच्या वर एक लाल रेघ चढली आहे. बहुतेक गेरचा रंग. शैलजाने दोनदा साबणाने घासली. तिसऱ्यांदा घासली नाही, ऑटो बोलावली. निघताना शंकरपाळ्यांचा डबा तिने पिशवीत टाकला. म्हटलं, चला, निदान औषधं तरी घरची.

१५ मार्च, हॉस्पिटल
सर्जन डॉ. श्रीहरी. विचारलं, याआधी काय काय घेतलंत? मी व्यवस्थित सुरुवात करणार, तेवढ्यात शैलजाने डबा त्यांच्या टेबलावर उपडा केला. ते बराच वेळ गोळ्यांच्या ढिगाकडे बघत होते. मला वाटलं कलेक्शन आवडलं. मग गाईची रिकामी ट्यूब उचलून विचारलं, ही कुणाची? मी म्हणालो, दोघांची.
बोट चिरून पू काढला, तपासायला पाठवला.

१७ मार्च
रिपोर्ट आला. लॅबमध्ये म्हणे बशीत खाऊ घालून जंतू वाढवतात. माझे भराभर वाढले. गौरीच्या दुधाला दोनदा विरजण लागलं नाही, माझ्या बोटाला पहिल्या फटक्यात लागलं. डब्यातलं एकही औषध त्यांना चालत नाही. इरावतीने गौरीचं दूध तपासायला दिलं होतं. तिच्या कासेतही हेच बेटे, हीच औषधं बाद.
शिरेतून द्यायचं एक औषध अजून लागू पडतंय, ते सुरू केलं. विचारलं, बोट वाचेल ना? डॉ. श्रीहरी म्हणाले, हाडापर्यंत गेलंय काका, आपण आता हात वाचवतोय.
शैलजा बाहेर जाऊन रडून आली. तोंड धुऊन आली होती, तरी कळलं. मला भीती वाटतेय. हे आजवर कुठेच लिहिलं नव्हतं.

१९ मार्च, पाडवा. डाव्या हाताने.
बोट काल काढलं. बाकी हात आहे.
वहिनींचा नातू ठीक आहे. दोनदा विचारलं.
ताप नाही. शैलजाने श्रीखंड आणलं. पाकिटाच्या दुधाचं. चमच्याने भरवलं. छान होतं. तसं सांगितलं.
नर्सला म्हणालो, आता बरं वाटतंय, राहिलेली इंजेक्शनं कशाला? शैलजा म्हणाली, शेवटचं इंजेक्शन होईपर्यंत तुम्ही या कॉटवरून हलायचं नाही.
तिला नीट समजावून सांगायला हात वर केला.
ती पट्टीकडे बघत राहिली. मग माझा हात हळूच खाली घेऊन स्वतःच्या मांडीवर ठेवला.