पाटीसकट साडेअकरा

श्री

बाळकुम,
शुक्रवार, २६ ऑगस्ट १९९४

कान्हादादा,

मंजुळाचा नमस्कार. वर कोपऱ्यात श्री घातलाय, आता भांडायला मोकळी. पण आधी खुशाली, नाहीतर आई म्हणेल पोरीला रीत नाही. आईचा गुडघा तसाच आहे, तेल लावलं की दोन दिवस गप्प, मग परत बोंब. बाबांनी होडीला डांबर मारून घेतलं. पुनवेला खाडीत नारळ सोडला आणि परवापासून जाळं टाकताहेत. राखी पोस्टाने पाठवलेली, मिळाली का ते कळवलं नाहीस. कळवशील तरी कसा? तुझ्या पोस्टकार्डावर चारच ओळी मावतात.

त्या चार ओळी मला पाठ झाल्यात. "पत्ते माझे आहेत, ते कोपरला पाठवून दे. यंदा मांडवात बसू नकोस. हरलीस तर समोरचा जिताडा उचलून नेईल. शिवाय स्थळ बघतोय, चारचौघांत शोभत नाही." वा रे वा! पोस्टकार्डावर लिहिलंस, म्हणजे माझ्याआधी पोस्टमनने वाचलं आणि माझ्याबरोबर अर्ध्या वाडीने. चारचौघांत काय शोभतं ते तूच शिकव आता.

तर पत्ते मी पाठवले नाहीत. पाठवणारही नाही. आणि मांडवात बसले. दोन मॅच जिंकून फायनललाही बसले. हे तुला कुणाकडून तरी कळलंच असेल, पण माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते. पुढचं काय झालं तेही सांगते, जरा दम धर.

वहिनी, पत्र तुम्हीही वाचत असाल. तुम्ही देशावरच्या, तुम्हाला यातलं काही ठाऊक नसणार, म्हणून थोडक्यात सांगते. आमच्या वाडीत पाऊसकाळात होड्या ओढून ठेवल्या की म्हावऱ्याचे पत्ते खेळतात. लग्नपत्रिकांच्या पाठी कापून घरीच करायचे. एका पत्त्यावर एक मासा आणि त्याचे चार आकडे: लांबी, वजन, भाव आणि जीव. जीव म्हणजे पाण्याबाहेर काढल्यावर किती वेळ तगला. मासा वाडीतल्या माणसाने स्वतः धरलेला पाहिजे, साक्षीदारासमोर मोजलेला पाहिजे, आणि साक्षीदाराची सही पत्त्याच्या मागे पाहिजे. प्रत्येकाने आपल्या साठ्यातले तेरा निवडून, ओळ लावून आणायचे. दोघांनी वरचा एकेक पत्ता उघडायचा. ज्याची हाक असेल त्याने आकडा पुकारायचा, मोठा आकडा असेल त्याचा हात, आणि पुढची हाकही त्याचीच. सात हात झाले की जिंकला. वर्षभर अदलाबदली चालू असते, पण नारळी पुनवेला मांडवात सामने होतात, तिथे जिंकणारा हरलेल्याचा एक पत्ता कायमचा घेतो. ठाण्यात दुकानांत परदेशी पैलवानांचे छापील पत्ते मिळतात, वाडीतली पोरं तेही खेळतात. पण त्या पैलवानांचं वजन मोजायला कोण गेलेलं?

आता दादा, तुझ्या खेळाबद्दल बोलते. राग येऊ दे.

तुझे तेराच्या तेरा दांडगे. जिताडा, रावस, तीन मोठे शिंगाळे, सगळे पैलवान. आणि हाक एकच, मांडी थोपटून "वजन!" तू जिंकायचास, कारण बाकीचेही तसेच खेळायचे आणि त्यांचे मासे तुझ्याहून लहान होते. याला डोकं लागत नाही, जिताडा लागतो. रघुचा खेळ बघ. तो दरवर्षी नवी कोळंबी, नवी चिंबोरी मोजून नवे पत्ते करतो आणि भाव पुकारतो. तुझ्या चौऱ्याऐंशी सालच्या पत्त्यावर चौऱ्याऐंशीचाच भाव. महागाई सगळ्यांना खाते, रघुला तेवढी जिंकून देते! गेल्या वर्षी त्याने मला तसंच झोपवलं.

म्हणून मी वर्षभर विचार केला. दांडग्या माशांचं एक असतं, दादा, ते लवकर मरतात. टोपलीत टाकला की जिताडा चार उड्या मारतो आणि खलास. निवटी बोटाएवढी, तिला कोण विचारत नाही, पण चिखलात राहायची सवय, ओल्या फडक्यात तासन्‌तास डोळे वटारून बसते. चिंबोरीचं तर विचारूच नकोस. मी घड्याळ घेऊन टोपलीपाशी बसलेले, आई म्हणाली पोरगी खुळी झाली. तुझा रावस मी रघुच्या बहिणीला देऊन तिच्याकडून निवटी घेतली. हो, रावस. आता ओरडून घे. दोन शिंगाळेही दिले आणि वाम घेतली. वाम लांबीलाही चालते आणि जीवालाही. दांडग्यांतला एकच ठेवला, जिताडा.

सुरुवातीला हाक समोरच्याची असेल तर तीन फालतू मांदेल्या त्याच्या तोंडी द्यायच्या. तो खूश होऊन वजन-वजन करत बसतो. चौथ्याला जिताडा काढायचा आणि हाक हिसकावायची. मग जीव, जीव, जीव! त्याचे पैलवान एकामागून एक माझ्या निवट्यांपुढे मरतात. पहिल्या मॅचला बाबूला सात-तीनने घेतलं. सेमीफायनलला रघु. चिठ्ठीत पहिली हाकच माझी निघाली, त्याला भाव पुकारायला मिळालाच नाही. बायका मांडवाच्या कडेला उभ्या होत्या, त्या आत येऊन बसल्या. आजवर कोणी बाई फायनलला बसली नव्हती, आणि गंगुबाई तर डोक्यावरची मच्छीची पाटी खाली ठेवून शिट्टी वाजवत होती.

वहिनी, इथून पुढचं पत्र दादाला द्या. त्याने वाचून दाखवलं तर ऐका, नाहीतर राहू द्या.

दादा, फायनल देवरामकाकाबरोबर होती.

देवरामकाका आता थकलाय. हात कापतात, पत्ता उचलायला वेळ लागतो. पण डोकं तसंच आहे. त्याच्याकडेही जिताडा आहे, साडेदहा किलोचा. तुझ्या साडेअकराने तो किती वर्षं मार खातोय ते तुला माहीत आहे. त्याला वाडीत "दोन नंबर" म्हणतात. तूच ते नाव पाडलंस.

मी विचार केला, इतक्यांदा मार खाल्लेला माणूस काय करेल? जिताडा शेवटी ठेवेल. सगळ्यांचे दांडगे संपले की काढेल. म्हणून मीही ओळ बदलली आणि आपला जिताडा तेरावा लावला. अंदाज अगदी बरोबर निघाला. सहा-सहा झाले. हाक त्याची. त्याने हळूच पत्ता उघडला आणि म्हणाला, "वजन." साडेदहा.

मी आपला ठेवला. साडेअकरा.

मांडव नुसता उसळला. गंगुबाईने मला उचललंच. देवरामकाका मात्र हसत होता. तोंडात दात नाहीत, तरी मन भरून हसला आणि म्हणाला, "वा गो पोरी! तुझ्या बापसाचा जिताडा मोठाच. मी पन पाटीसकट मोजला असता ना, तर माजा बारा भरला असता." आणि पत्ते गोळा करायला लागला. गंमत केली त्याने. बाकी काही नाही. पण खाई त्याला खवखवे, दादा.

आठवतं ना तुला? की नाही आठवत? मी अकरा वर्षांची, तू सोळाचा. बाबांनी जिताडा आणला आणि ठाण्याचा व्यापारी दारात उभा, म्हणून घाई. तू पाटीसकट काट्याला लावलास. साडेअकरा. काळुरामकाका साक्षीदार, त्याने विचारलं, "पाटीचं वजन काढलं का रं?" तू म्हणालास, "काढलं." नव्हतं काढलं. पाटी दीड किलोची होती, रोज मी उचलायचे, मला ठाऊक नसेल? मी पेन हातात धरून तुझ्याकडे बघितलं. तू डोळे मोठे केलेस. आणि मी लिहिलं. अक्षर माझं चांगलं म्हणून सगळे पत्ते मीच लिहायचे. काळुरामकाकाने मागे सही केली आणि मासा व्यापारी घेऊन गेला. परत मोजायला काही उरलंच नाही.

मी लहान होते म्हणून सुटका करून घेणार नाही. यंदा मी लहान नव्हते. तुझे बाकीचे दांडगे काढून टाकले, पण जिताडा ठेवला. आकडा खोटा आहे हे माहीत असून ठेवला, आणि त्या म्हाताऱ्याचा जिताडा शेवटी येणार हे ओळखून त्याच्यासाठीच शेवटी लावला. याची मला लाज वाटते. इतकी वाटते की पाच दिवस हे पत्र लिहायला घेते आणि ठेवते.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "हात देवरामकाकाचा. आमचा दहाच आहे. हा आकडा पाटीसकट आहे."

काळुरामकाका आता मंडळाचा अध्यक्ष. त्याने पत्ता उलटून आपली सही बघितली आणि त्याचा चेहरा पडला. विचारलं, "लिवला कोनी?" मी म्हटलं, मी. "तुला काढलं असं सांगितलं कोनी?" मी काही बोलले नाही. तो म्हणाला, त्याला स्वतःला आठवत नाही, दहा वर्षं झाली. मग पुरुषांत कुजबुज सुरू झाली. बाईमाणसाला बसवलं की हे असं. बायकांना काट्यातलं काय कळतं. एकजण तर म्हणाला, भावाच्या चांगल्या डावाची हिने वाट लावली. तुझा चांगला डाव, बरं का! माझ्या जिभेच्या टोकावर तुझं नाव आलेलं. एक शब्द बोलले असते तर सगळ्यांची थोबाडं बंद झाली असती. नाही बोलले. आई मागे उभी होती, तिचा चेहरा दिसत होता.

निकाल असा झाला की ज्याच्या हाताने खोटा आकडा लिहिला त्याने परत मांडवात बसायचं नाही. मी म्हटलं, हे मला मान्य नाही. खोटं मीच उघड केलं म्हणून मलाच शिक्षा, आणि वर माझ्या निमित्ताने सगळ्या बायकांना बोल? काळुरामकाका म्हणाला, ठीक आहे, पक्का निर्णय गणपतीत मंडळाच्या मीटिंगला घेऊ. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, १० सप्टेंबरला, सकाळी.

देवरामकाका जिंकला म्हणून त्याला एक पत्ता निवडायला सांगितला. मी सगळे समोर पसरले. त्याने हात लावला नाही. म्हणाला, "डाव कान्हाचा हाय ना? कान्हा येल तवा त्याच्या हातून घेन." एवढंच. आवाजात राग नव्हता. तो तुला लहानपणापासून ओळखतो, दादा. मला वाटतं त्याला कळलंय. बाकी कुणाला नाही.

बाबांना घरी आल्यावर सगळं सांगितलं, तुझ्यासकट. फक्त त्यांनाच. बराच वेळ जाळं विणत बसले आणि म्हणाले, "दहा किलोचा पन लय होता." मग जेवले.

तर आता तुझ्या पोस्टकार्डाचं उत्तर. पत्ते पाठवणार नाही, कारण देवरामकाका ते इथे घेणार आहे. स्थळ बघतोस त्यांना सांग, मुलगी मांडवात बसते आणि पुढेही बसेल. चालत असेल तर या, नाहीतर कोपरला मुलींची वाण नाही. गणपतीला तू येतोसच. दरवर्षी आरती झाली की दुपारची गाडी धरतोस. यंदा रात्री राहा. शनिवारी सकाळी मीटिंगला ये आणि "काढलं" असं कोण म्हणालं ते तुझ्या तोंडाने सांग.

मी तुझं नाव घेणार नाही. मला कितीही बोलले तरी नाही. तू माझा भाऊ आहेस म्हणून नव्हे, तर ते नाव घेणं तुझं काम आहे म्हणून. माझ्या वाटणीचं मी सांगून मोकळी झाले.

आलास तर देवरामकाकासमोर आपण दोघं बसू. नाही आलास तर मी एकटी बसेन, पुढच्या पुनवेलाही, कोण उठवतं ते बघते. वहिनींना नमस्कार.

अकरा वर्षांची असताना तुझं ऐकलेली, आणि आता न ऐकणारी,
तुझीच बहीण
मंजुळा