सर्जाची झूल

प्रिय बा,

उद्या पोळा. तुला जाऊन दोनच महिने झालेत, म्हणून आई म्हणते, "यंदा घरात दुःख हाये. बैल उघडाच जाऊ दे." तेवढ्यासाठी लिहायला बसलो. तू होतास तेव्हा मी शिवलेली झूल नको म्हणून आपला सर्जा उघडा. आता तू नाहीस म्हणून उघडा. मग त्याने ती घालायची तरी कधी?

"कापसाले सोन्याचा भाव आला अन् तू चिंध्या शिवून राह्यला?" आपल्या भातकुलीच्या पारावर, चार माणसांत म्हणालास. फार लागलं रे! पेरणीत, वेचणीत मी कधी अंग चोरलं होतं का? उरल्या वेळात कापडावर आरसे-कवड्या लावायचो, एवढंच.

आणि पाटलांची ती पहिली झूल! माप म्हणून मी सर्जाचीच पाठ धरली. पाटलांच्या बैलाचं वशिंड तिच्यात मावेना. सगळा गाव हसला, सगळ्यात मोठ्याने तू.

अमरावतीचा रहीम शिंपी तेवढा हसला नाही. मला दुकानात शेजारी बसवून म्हणाला, "उसव सारं. आता बैलाले पाहून शिव." नारायण गाडीवानाने आपल्या जोडीवर माझ्या झुली टाकून अकोल्यापर्यंत कापूस नेला आणि प्रत्येक मुक्कामी माझं नाव सांगितलं. आता बाजाराच्या वाटेवर, गाड्या थांबतात त्या निंबाखाली माझी बैठक आहे. रोज संध्याकाळी घरी येतो, शेतही पाहतो. यात तुझं नाक कुठे कापलं गेलं, सांग ना!

एक मात्र माझं चुकलं. तुझ्या शेवटच्या दुखण्यात मी अकोटच्या एका गिऱ्हाइकाची झूल शिवत होतो. तू विचारलंस, "अकोटवाल्याची झूल झाली काय?" मी रागाने नुसती हो म्हणून मान हलवली. आणून दाखवायला हवी होती.

सर्जाची झूल तयार आहे. दुःखाचं घर म्हणून तिला आरसे नाहीत, रंग नाही. वरून जाडंभरडं पांढरं कापड आणि आतून तुझ्या धोतराचं अस्तर. आईने ते धोतर ओळखलं. तिनेच सुईत दोरा ओवून दिला.

उद्या तोरणाखाली सर्जा उघडा उभा राहणार नाही, हा माझा शब्द. रागवायचं असेल तर तिथे येऊन रागव.

सुई न सोडलेला तुझा,
गणपत