गेला का वास?

रविवार, ३ मार्च

आज पुन्हा तेच. ताईचं गॅरेज, तिने घरी केलेल्या बिअरचे चार ग्लास, चार चिठ्ठ्या. आधी लिहायचं, मग बोलायचं! मध्येच कोणी तोंड उघडलं की ताई "अं हं!" करते. तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेला आवाज तो. पन्नाशीकडे झुकलेली आम्ही माणसं, पण कॉपी करताना सापडल्यासारखी माना खाली घालतो.

नवऱ्याने लिहिलं, "मस्त." गेल्या रविवारी "मस्त", त्याच्या आधीच्याही रविवारी "मस्त". त्याला उद्या धुण्याचं पाणी दिलं तरी मस्त. शेजारचे केमिस्टकाका मात्र चिठ्ठीच्या दोन्ही बाजू भरतात. आज म्हणे "भिजलेल्या ग्रंथालयाचा भास". ताईने दोन्ही चिठ्ठ्या बाजूला सारल्या आणि माझी धरून बसली. मी लिहिलं होतं — भाजलेल्या गव्हाचा वास, मागाहून संत्र्याची साल.

"सालीचा वरचा भाग की आतला पांढरा?"

"ताई, साल म्हणजे साल!"

"असं कसं? पांढरा असेल तर बिअरला कडवटपणा देणारे माझे हॉप्स जास्त उकळलेत. वरचा असेल तर ठीक आहेत. नीट वास घे, ठमे."

ठमे! सत्तेचाळीस वर्षांची झाले मी. पुन्हा वास घेतला, पुन्हा घोट, पुन्हा वास. शेवटी "पांढरा" म्हणून सुटका करून घेतली. खरंच पांढरा होता का? होता बहुतेक.

निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात. हिने स्टीलच्या दोन टाक्या आणल्या.

मंगळवार, ५ मार्च

दिवसभरात तीन फोन. तिन्ही बिअरबद्दल. "तू कशी आहेस" एकदाही नाही.

शनिवार, ९ मार्च

कादंबरीची प्रूफं टेबलावर पडलीत आणि मी आज काय केलं? ताईबरोबर गावातल्या दोन ब्रुअऱ्या पालथ्या घातल्या. "तुलना केल्याशिवाय कळत नाही," म्हणाली. नवरा त्यांना भट्ट्या म्हणतो. त्यावरून ताई त्याच्याशी दोन महिने नीट बोलली नव्हती.

पहिली कालव्याकाठची, जुन्या छापखान्यात. त्यांची काळी बिअर खरंच चांगली आहे. कॉफी, किंचित करपलेला पाव, आणि घोट गेल्यावर उरणारी कोको पावडर. हे मी ताईला सांगितलं, तर तिने डोळे मिटून मान हलवली, जणू मी गात होते.

दुसरी दाढीवाल्याची. त्याला बिअरमध्ये काय घालू आणि काय नको असं होतं. आलं, मिरी, आणि आज काकडी! सॅलड प्यायल्यासारखं वाटलं. ताईने कोपराने ढोसलं, "तुला काय लागलं?" मी तिच्या कानात म्हटलं, "काकडी पुढे पुढे करते आणि बिअर तिच्यामागे लपून बसते."

पाच मिनिटांनी ताई दाढीवाल्याला सांगतेय, "काय आहे ना, काकडी पुढे पुढे करते आणि बिअर तिच्यामागे लपून बसते." माझंच वाक्य, माझ्यासमोर! तो खूश. "वा! बाई, काय जीभ आहे तुमची!" आणि ती चक्क हसली. मी ग्लास धरून दिव्याच्या खांबासारखी उभी.

गाडीत बोलले. तर म्हणते, "लेखिका ना तू? तुझी वाक्यं लोकांच्या तोंडी बसली तर आनंद व्हायला हवा." चोराच्या उलट्या बोंबा! घरापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. उतरताना तिने माझ्या खांद्यावरचं लोकरीच्या धाग्याचं टोक काढलं. लहानपणी शाळेत सोडताना काढायची तसंच. राग धड पूर्णही करू देत नाही ही बाई.

रविवार, १० मार्च

आज गंमत नव्हती. पुढच्या रविवारी कोपऱ्यावरच्या पबची मालकीण येणार आहे, चव घ्यायला. तिच्याकडे बिअरचे सहा नळ आहेत. त्यातला एक रिकामा होतोय. पसंत पडली तर त्या नळाला कायमची ताईची बिअर.

ताईला हेच हवंय, पहिल्या दिवसापासून. मी एकदा विचारलं होतं, एवढा अट्टहास कशाला, आम्ही पितोय ना? तर म्हणाली, "तुम्ही माझे आहात. तुमचं कौतुक धरायचं नसतं. कोणीतरी अनोळखी माणूस यावा, मी कोण ते माहीत नसावं, आणि त्याने दुसरा ग्लास मागावा." हे सांगताना ती टाकी पुसत होती, माझ्याकडे पाठ करून.

तर आजची चिठ्ठी. नवरा, "मस्त". केमिस्टकाका, "पहाटेचं धुकं". मी एकच शब्द लिहिला — लोणी.

ताईचा चेहरा उतरला. "किती?"

"चांगलंच. झाकण उघडल्यासारखं."

मग वर्ग भरला. हा वास यीस्टच करतं आणि यीस्टच खातं, म्हणे. फक्त त्याला उबेत आणखी काही दिवस राहू द्यायचं. घाईने गार केलं तर ते झोपी जातं आणि लोणी जन्मभर तसंच राहतं. म्हणून रोज वास घेऊन बघायचं. गेला की मगच गार करायचं. शनिवारपर्यंत गार होऊन पिंपात भरायला हवी, म्हणजे फार तर गुरुवार.

"रोज ये," ताई म्हणाली.

"तू आहेस ना इथे रोज!"

"माझं नाक सवयीचं झालंय. बाहेरचं नाक लागतं."

मी नाक! चार पुस्तकं लिहिली, आणि घरात माझी किंमत काय, तर नाक.

मंगळवार, १२ मार्च

लोणी आहे. जायला वीस मिनिटं, यायला वीस. काल गेले तेव्हाही होतं.

बुधवार, १३ मार्च

आहे. कमी आहे असं वाटलं. "कमी म्हणजे? कालच्या निम्मं? पाव?" वास काय मापट्याने मोजू, ताई? वर स्वतः ग्लास हलवून, नाक घालून, "हं" करून माझ्याच तोंडाकडे बघत बसते!

गुरुवार, १४ मार्च

प्रकाशकाचा सकाळीच फोन. प्रूफं आज संध्याकाळी हवीत म्हणजे हवीत. अजून साठ पानं बाकी. तेवढ्यात ताई. "येतेस ना?" आणि उत्तराची वाट न बघताच, "चहा टाकते."

गेले. चपला काढल्या नाहीत, बसले नाही. उभ्याउभ्या ग्लास घेतला. लोण्याचं भांडं विसळलं, पण घासलं नाही, तर जेवढा राहतो तेवढा होता वास. की नव्हता? "आहे" म्हटलं असतं तर प्रश्न सुरू झाले असते, निम्मं की पाव, आणि उद्या पुन्हा ये.

"गेला," म्हटलं.

"नक्की?"

"नक्की गं ताई. गेला वास."

तिने माझ्या गालावर हात ठेवला. थंडगार, ओला हात. मग लगेच वळून टाकी गार करायला लावली. माझ्यासमोरच. चहा तसाच राहिला.

परत येताना थोडं टोचलं. पण एवढंसं कोणाला कळणार आहे? प्रूफं सव्वासहाला दिली.

रविवार, १७ मार्च

आली पबवाली. आखूड केस, चष्मा डोक्यावर, हसण्याची सवय नसलेली. आज चिठ्ठ्या नव्हत्या. नवऱ्याला आधीच बजावलं होतं, मस्त म्हणू नकोस.

ताईने पहिला घोट स्वतः घेतला. ताठ उभी राहून म्हणाली, "स्वच्छ आहे. लोण्याचा लवलेश नाही." कशाला बोलायचं ते! कोणी विचारलं होतं?

पबवालीने ग्लास नाकाशी नेला. प्यायलीसुद्धा नाही, खाली ठेवला.

"बाई, लोणीच तर आहे."

केमिस्टकाका छताकडे बघायला लागले. ताईने माझ्याकडे पाहिलं, एकदाच, अगदी क्षणभर. मग पबवालीला म्हणाली, "माझी चूक. दोन दिवस घाई केली."

"तुमचं बाकीचं काम छान आहे हो," ती म्हणाली. "पण नळ मी कालव्यावाल्यांना देते. मला दर वेळी एकसारखी चव हवी असते."

ताई तिला फाटकापर्यंत सोडायला गेली. आत आली आणि ग्लास धुवायला लागली. मी पुसायला फडकं घेतलं, तर म्हणाली, "राहू दे, तुझी कामं असतील."

सोमवार, १८ मार्च

चिडचिड, चिडचिड! "माझी चूक" म्हणे. देवी व्हायची हौस! ओरडली असती तर बरं झालं असतं. आणि तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईने सगळा भार माझ्या नाकावर टाकायचा? तिच्याही हातात ग्लास होताच की! माझं एक "गेला" एवढं जड?

न राहवून फोन केला. म्हटलं, "शुक्रवार, शनिवार, दोन दिवस होते तुझ्याकडे. तुझं तुला कळलं नाही?"

"कळायला हवं होतं," म्हणाली, आणि फोन ठेवला.

भांडत नाही त्या माणसाशी भांडायचं कसं?

मंगळवार, १९ मार्च

ताई सकाळीच आली. दारातच उभी राहून म्हणाली, "गेल्या वर्षीच्या तापापासून मला वास येत नाही. कसलाच नाही. साबणाचा नाही, मातीचा नाही, जळक्याचा नाही."

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस?

"सांगितलं असतं तर तू मला जपून लिहिलं असतंस. मला खरं हवं होतं."

गुरुवारचं तिने काहीच विचारलं नाही. मीच सांगितलं.